डिस्क ‘रिकामी’ दिसतेय म्हणून पार्टिशन उडवू नका

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काय गृहीत धरलंय ते कळेल. १ टीबीची हार्डडिस्क, तिच्यावर सी आणि डी अशी दोन पार्टिशनं. विंडोज रडतखडत का होईना चालू होतं आणि दोन्ही ड्राइव्हमधल्या फायली दिसतात. नव्याने विंडोज टाकायला पेनड्राइव्ह लावला तर सेटअप म्हणतं, या डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल (कुठलं पार्टिशन कुठे आहे याचा जुन्या पद्धतीचा नकाशा) आहे, इथे विंडोज टाकता येणार नाही. मग तुम्ही लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (डिस्कवर न टाकता थेट पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स) जीपार्टेड हा पार्टिशनं दाखवणारा प्रोग्रॅम उघडलात, तर तिथे अख्खी डिस्क राखाडी, ‘अनअलोकेटेड’, म्हणजे एकही पार्टिशन नसलेली. डीमध्ये घरचे सगळे फोटो आहेत, दुसरीकडे प्रत नाही, आणि तुम्ही विचारताय की सगळी पार्टिशनं उडवून पहिल्यापासून सुरुवात करू का.

नको. निदान फोटो दुसरीकडे जाईपर्यंत तरी नको. तुमच्याकडे दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. सेटअप अडतंय ते पेनड्राइव्ह कुठल्या पद्धतीने बूट झाला त्यावरून. जीपार्टेड डिस्क रिकामी दाखवतंय ते टेबलातल्या एखाद्या चुकीच्या आकड्यावरून. तिसरी शक्यता डिस्कच मरायला टेकल्याची. ‘रडतखडत चालू होतं’ हे तुमचे शब्द वाचून मला खरी धास्ती तिचीच वाटली, म्हणून सुरुवात तिथून.

लाइव्ह लिनक्समध्ये डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, बघा. उबुंटूसारख्या लिनक्समध्ये ‘डिस्क्स’ नावाच्या प्रोग्रॅममध्येच तो दिसतो, विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फो आहे. वर ‘गुड’ किंवा ‘पास्ड’ लिहिलेलं असतं, त्यावर विसंबू नका. मरणाऱ्या कित्येक डिस्क शेवटपर्यंत पास होत असतात. ओळी वाचा. क्रमांक ५ म्हणजे खराब झाल्यामुळे राखीव जागेत हलवलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे). १९७ म्हणजे वाचता न आल्याने निकालाची वाट बघत पडलेले सेक्टर. १९८ म्हणजे दुरुस्त न होणारे. या तिन्हींचा रॉ (‘रॉ’ रकान्यातला मूळ) आकडा शून्य असेल तर उत्तम. ५ मध्ये थोडा आकडा असून तो महिनोन् महिने स्थिर असेल तर डिस्क अजून काही काळ चालू शकते. पण १९७ वाढत असेल तर विंडोज पुन्हा टाकायचा विचार सोडा, नवी डिस्क आणा. १९९ मात्र वेगळी ओळ आहे: ती बहुतेक वेळा केबलची तक्रार असते. केबल बदलल्यावरही जुना आकडा खाली येत नाही, तो वाढायचा थांबतो का एवढंच बघायचं. आणि काही कंपन्यांच्या डिस्कवर क्रमांक १ च्या ओळीत अवाढव्य रॉ आकडा असतो, तो तिथे नेहमीचाच, त्याने घाबरू नका.

१९७ किंवा १९८ मध्ये काही दिसलं तर चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन चालवायचा मोह आवरा. ते फाइल सिस्टिम (पार्टिशनमधल्या फायलींची मांडणी) दुरुस्त करायला म्हणून डिस्कवर लिहितं, आणि खराब सेक्टरांच्या डिस्कवर तासन् तास डोकं घासत बसतं. अशा वेळी डीडीरेस्क्यू या लिनक्सच्या प्रोग्रॅमने अख्खी डिस्क दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर उतरवून घ्यायची. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडलेले तुकडे नंतरसाठी ठेवतं, आणि कुठवर आलो याची नोंद एका मॅप फाइलमध्ये करतं, त्यामुळे मध्ये वीज गेली तरी तिथूनच पुढे सुरू होतं. ही मॅप फाइल द्यायला विसरलात तर सगळा फायदा गेला. पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करायचे, मूळ डिस्क बाजूला.

डिस्क धडधाकट निघाली असं धरून सेटअपच्या तक्रारीकडे येतो. मशिन बूट होण्याच्या दोन पद्धती आहेत, जुनी बायोस आणि नवी यूईएफआय; पार्टिशन टेबलांच्याही दोन, जुनी एमबीआर आणि नवी जीपीटी. जुन्या बायोस पद्धतीने बूट झालेलं विंडोज सेटअप एमबीआर डिस्कवरच विंडोज टाकतं, यूईएफआय पद्धतीने बूट झालेलं जीपीटी डिस्कवरच. अदलाबदल चालत नाही. तुमचं आत्ताचं विंडोज एमबीआरवर आहे म्हणजे ते लेगसी, अर्थात त्याच जुन्या बायोस पद्धतीने बूट होतंय, आणि पेनड्राइव्ह यूईएफआय पद्धतीने. खात्री करायची असेल तर विंडोजमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडून ‘बायोस मोड’ ही ओळ बघा. बूट मेनूमध्ये एकच पेनड्राइव्ह कधीकधी दोनदा दिसतो, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा पुढे ‘यूईएफआय’ लावून. कुठला निवडला त्यावर सेटअपचं वागणं ठरतं. रूफस या प्रोग्रॅमने पेनड्राइव्ह बनवताना ‘पार्टिशन स्कीम’मध्ये जे निवडलंत त्यावरही हे ठरतं. लोक हा संदेश वाचून डिस्कला दोष देतात, आणि डिस्क बिचारी तिच्या जागी ठीक असते.

आता राखाडी डिस्कचं कोडं. माझ्या मते तुमच्या प्रश्नातला रंजक भाग हाच, कारण इथेच लोकांच्या हातून डेटा जातो. एमबीआर म्हणजे डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर. त्यातले ४४६ बाइट बूट कोडचे, शेवटचे दोन बाइट ५५ एए ही खूण, आणि मधल्या ६४ बाइटांत पार्टिशनच्या चार नोंदी, प्रत्येकी १६ बाइट. बस्स. अख्ख्या टेराबाइटचा नकाशा ६४ बाइटांत. प्रत्येक नोंदीत पार्टिशनचा प्रकार, सुरुवातीचा सेक्टर आणि एकूण सेक्टर हे मुख्य. चारापेक्षा जास्त पार्टिशनं हवी असतील तर त्यातली एक नोंद ‘एक्स्टेंडेड’ करून तिच्या पोटात लॉजिकल पार्टिशनं ठेवतात. जुन्या डिस्कवर डी बहुधा अशीच लॉजिकल असते.

ते फोटो या ६४ बाइटांत नाहीत. नकाशा चुकला तरी घर जागेवरच असतं. पण जीपार्टेड ज्या लायब्ररीवर चालतं ती नकाशात एक चूक सापडली की अख्खा नकाशा नाकारते आणि सगळी डिस्क अनअलोकेटेड दाखवते. विंडोज तेवढं काटेकोर नाही, ते चालवून घेतं. म्हणून एकीकडे फायली दिसतात आणि दुसरीकडे ओसाड माळ.

चूक कशी दिसते ते आकड्यांत दाखवतो. ५१२ बाइटच्या सेक्टरांच्या १ टीबी डिस्कवर साधारणपणे १,९५,३५,२५,१६८ सेक्टर असतात. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये एफडिस्क या प्रोग्रॅमला यादी मागितलीत की हा आकडा वरच्या ओळीत येतो आणि खाली पार्टिशनांची सुरुवात नि लांबी. समजा एक्स्टेंडेडची सुरुवात ४०,९६,०२,०४८ आणि लांबी १,५४,३९,२५,१६८ अशी आली. बेरीज करा: १,९५,३५,२७,२१६. डिस्क संपते त्यापेक्षा २,०४८ सेक्टर जास्त, म्हणजे बरोबर १ एमबी डिस्कच्या बाहेर. एवढ्यावरून जीपार्टेड हात वर करतं. डिस्क क्लोन करणारे किंवा पार्टिशन मागेपुढे सरकवणारे प्रोग्रॅम असा घोळ घालून ठेवतात. दुसरा प्रकार म्हणजे एकाचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीच्या पुढे गेलेला, दोन पार्टिशनं एकमेकांवर चढलेली. कागदावर सुरुवात आणि शेवट लिहून काढलेत की पाच मिनिटांत सापडतं. मी अजूनही कागदच घेतो.

बेरजा जुळत असतील तर आणखी तीन संशयित आहेत. एक, डायनॅमिक डिस्क, म्हणजे विंडोजची पार्टिशनांचा हिशेब वेगळ्या जागी ठेवायची पद्धत. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘बेसिक’च्या जागी ‘डायनॅमिक’ लिहिलेलं दिसेल. मग खरा नकाशा डिस्कच्या शेवटच्या १ एमबीमध्ये असतो आणि बाकीच्या प्रोग्रॅमांना तो कळतोच असं नाही. दोन, जुनं जीपीटी. डिस्क कधीकाळी जीपीटी होती, मग कुणीतरी तिच्यावर एमबीआर पाडलं, पण जीपीटीच्या खुणा पुसल्या नाहीत. जीपीटी आपली दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवतं, ती तशीच राहून जाते. जीडिस्क हा जीपीटी टेबलं हाताळणारा प्रोग्रॅम अशा डिस्कवर उघडताक्षणी सांगतं की एमबीआरही सापडलं आणि जीपीटीही, कुठलं वापरू? तीन, रेडची जुनी खूण. डिस्क आधी रेडमध्ये (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरायच्या पद्धतीत) असेल तर तिच्या शेवटी तशी नोंद उरते आणि लिनक्सचे काही इन्स्टॉलर डिस्क दाखवतच नाहीत. वाइपएफएस हा प्रोग्रॅम काही पर्याय न देता चालवला तर अशा खुणांची नुसती यादी देतो, पुसत नाही. ‘ए’ हा पर्याय जोडला की मात्र सगळ्या पुसतो, तेव्हा बोटं सांभाळा.

यापैकी काहीही निघालं तरी माझा सल्ला तोच: जी डिस्क उद्या कोरी करायची आहे तिचं टेबल आज दुरुस्त करत बसू नका. विंडोजला डी दिसतोय ना? मग विंडोजमध्येच बसून फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवा. डी फक्त लिनक्समधून गायब आहे, तो तुमच्या हातून गेलेला नाही. उतरवल्यावर फायलींची संख्या आणि एकूण आकार दोन्हीकडे जुळवा आणि वेगवेगळ्या फोल्डरांतले दहा-वीस फोटो उघडून बघा. नुसती लघुचित्रं बघून समाधान मानू नका. ती साठवलेल्या कॅशमधून येतात आणि खाली फाइल फुटकी असू शकते. सीमधलं डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि ब्राउझरचे पासवर्ड लोक हटकून विसरतात.

बाहेर ठेवायला जागाच नसेल तर दोन वाटा आहेत. सोपी वाट ही की पेनड्राइव्ह लेगसी पद्धतीने बूट करायचा, सेटअपमध्ये फक्त सी फॉरमॅट करून तिथेच विंडोज टाकायचं, डीला हात लावायचा नाही. विंडोज १० ला हे चालतं. विंडोज ११ ला अधिकृतपणे यूईएफआय लागतं, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला, तेव्हा ही वाट तात्पुरतीच. दुसरी वाट म्हणजे डेटा न घालवता एमबीआरचं जीपीटी करणं. विंडोजमध्ये त्यासाठी एमबीआर-टू-जीपीटी नावाचं साधन १७०३ या आवृत्तीपासून आहे, पण त्याला एक्स्टेंडेड किंवा लॉजिकल पार्टिशन चालत नाही. तुमचा डी लॉजिकल असेल तर ते तपासणीतच नकार देईल. जीडिस्क लॉजिकलही बदलून देतं, मात्र त्याला डिस्कच्या शेवटी ३३ सेक्टर मोकळे लागतात, आणि एकमेव प्रत असलेल्या फोटोंवर मी स्वतः हा प्रयोग करणार नाही. एक बाहेरची डिस्क कुणाकडून चार दिवस मागून आणा, ते परवडतं.

टेबल दुरुस्त करावंच लागलं, उदाहरणार्थ विंडोज बूट व्हायचंच बंद झालं आणि फोटो काढायचे राहिले, तर लिनक्सच्या एसएफडिस्कने टेबलाचा डंप (जसाच्या तसा उतारा) आधी एका मजकूर फाइलमध्ये घ्या आणि ती पेनड्राइव्हवर ठेवा. त्या फाइलची एक प्रत करून तिच्यात एक्स्टेंडेडची लांबी वरच्या उदाहरणात २,०४८ ने कमी करायची आणि ती परत लिहायची. आतलं लॉजिकल पार्टिशन नव्या हद्दीत बसतं ना हे आधी बघा. ते स्वतःच डिस्कच्या बाहेर जात असेल तर डिस्क बहुधा मोठ्या डिस्कवरून छोटीवर क्लोन झालेली आहे आणि शेपटाकडचा डेटा मुळात आलेलाच नाही. तिथे आकडा बदलून काही हाती लागत नाही.

डिस्कला हात लावण्याआधी दोन गोष्टी तपासा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावरही विंडोज अर्धवट झोपलेलंच असतं आणि फाइल सिस्टिम उघडी राहते. शिफ्ट दाबून शट डाउन केलंत की पूर्ण बंद होतं. दुसरं बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारं साधन. अनेक लॅपटॉपवर एन्क्रिप्शन मालकाला पत्ता नसताना चालू झालेलं असतं. ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी आहे ना बघा, नाहीतर डिस्क दुसऱ्या मशिनला लावल्यावर फोटो डोळ्यांसमोर असून उघडणार नाहीत.

कधीकधी विंडोजमध्ये ‘इनिशियलाइझ डिस्क’ अशी खिडकी आपोआप उघडते, किंवा जीपार्टेडमध्ये नवीन पार्टिशन टेबल बनवायचा पर्याय समोर असतो. दोन्ही निरागस दिसतात. दोन्ही नकाशा नव्याने लिहितात. कॅन्सल.

आणि समजा हे वाचेपर्यंत तुम्ही पार्टिशन उडवून बसला असाल, तरी फिरणाऱ्या हार्डडिस्कवर आशा असते, जोवर त्यावर काही नवं लिहिलेलं नाही. टेस्टडिस्क हा हरवलेली पार्टिशनं शोधणारा प्रोग्रॅम डिस्कभर हिंडून फाइल सिस्टिमच्या सुरुवातीच्या खुणा शोधतं आणि जुनी पार्टिशनं दाखवतं. ‘राइट’ दाबण्याआधी तिथल्या यादीतून फायली खरंच दिसतात का बघा. एसएसडीवर मात्र घाई अंगाशी येते: विंडोज ७ पासून पुढे क्विक फॉरमॅट मारला तरी ट्रिमचा, म्हणजे ‘ही जागा आता रिकामी समज’ असा, हुकूम जातो, आणि त्यानंतर ड्राइव्ह त्या जागेतून बहुधा शून्यच परत देतो.

फोटो सुरक्षित झाले? मग आता खुशाल उडवा. पण आधी मशिन बंद करून बाकीच्या डिस्क काढून ठेवा. याला दोन कारणं आहेत. पहिलं, मशिनमध्ये दोन डिस्क असतील तर सेटअप ईएफआय पार्टिशन (ज्यावरून विंडोज बूट होतं ते छोटं पार्टिशन) कधीकधी दुसऱ्याच डिस्कवर नेऊन टाकतं. पुढे ती डिस्क काढली की विंडोज उठत नाही. दुसरं कारण माझी स्वतःची चूक. १ टीबीच्या दोन डिस्क, दोन्ही ९३१ जीबी दिसणाऱ्या. आदल्या दिवशी डिस्क १ म्हणून लिहून ठेवलेली दुसऱ्या दिवशी डिस्क ० झाली, कारण मध्ये मशिन बंद होऊन चालू झालं होतं. मी वहीतला आकडा वाचून विंडोजच्या डिस्कपार्ट या प्रोग्रॅममध्ये ‘क्लीन’, म्हणजे टेबल पुसायचा हुकूम, दिला. टेबलच पुसलं गेलं होतं म्हणून टेस्टडिस्कने संध्याकाळपर्यंत सगळं परत आलं. ‘क्लीन ऑल’ दिलं असतं तर त्याने प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहिलं असतं. तेव्हापासून चुकीची डिस्क निवडताच येणार नाही अशी सोय करतो: केबल काढतो.

एकच डिस्क लावून पेनड्राइव्ह यूईएफआय पद्धतीने बूट करा. पहिल्या खिडकीवर शिफ्ट आणि एफ १० दाबलं की काळी खिडकी उघडते. त्यात डिस्कपार्ट, मग लिस्ट डिस्क. पेनड्राइव्हही या यादीत असतो, आकारावरून ओळखा. जीपीटीच्या रकान्यात तारा असेल तर ती डिस्क जीपीटी. तुमच्या डिस्कपुढे तो नसेल. सिलेक्ट डिस्क आणि तिचा क्रमांक, पुन्हा एकदा लिस्ट डिस्क करून निवडलेल्या ओळीपुढचा तारा बघा, मग क्लीन, मग कन्व्हर्ट जीपीटी. खिडकी बंद करून सेटअपमध्ये रिफ्रेश करा. सगळी जागा मोकळी दिसेल.

सगळी जागा विंडोजला द्यायची नसेल तर ‘न्यू’ दाबून सीचा आकार द्या. ईएफआय आणि १६ एमबीचं एमएसआर (विंडोजने स्वतःसाठी राखलेलं छोटं पार्टिशन) सेटअप स्वतः पाडतं. सीला कंजूषी करू नका. मायक्रोसॉफ्ट विंडोज ११ साठी किमान ६४ जीबी म्हणतं, तेवढ्यात दोन वर्षं काढून दाखवणारा माणूस मला भेटलेला नाही. २०० जीबी द्या, उरलेल्याचा डी विंडोज चालू झाल्यावर डिस्क मॅनेजमेंटमधून पाडा. नंतर सी वाढवू म्हणाल तर त्याला लागून उजवीकडे रिकव्हरी पार्टिशन येऊन बसलेलं असतं आणि ‘एक्स्टेंड’ करडं पडतं.

इथेही ‘नवीन पार्टिशन बनवता आलं नाही’ असं आलं तर आधी बाकीचे पेनड्राइव्ह आणि कार्ड काढा आणि बूट क्रमात हार्डडिस्क पेनड्राइव्हच्या वर घ्या, पेनड्राइव्ह मात्र बूट मेनूतून निवडा. क्लीनच अडलं आणि लिहायला मनाई असल्याचं सांगितलं तर डिस्कपार्टमधून रीडओन्ली खूण काढून बघा. एसएसडीवर ती निघत नसेल तर ड्राइव्हने आयुष्य संपताना स्वतःला कुलूप लावलेलं असण्याची शक्यता मोठी. आणि हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या नव्या लॅपटॉपवर सेटअपमध्ये डिस्क दिसतच नसेल, तर पार्टिशनचा संबंधच नाही: इंटेलच्या ११ व्या पिढीपासून पुढच्या अनेक मशिनांत व्हीएमडी (इंटेलची डिस्क हाताळायची पद्धत) चालू असतं, त्याचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन ‘लोड ड्रायव्हर’ने द्यावा लागतो.

फायली उतरल्या की मशिन पहिल्यांदा रीस्टार्ट होईल, तेव्हा कुठलीही कळ दाबू नका, नाहीतर पेनड्राइव्हवरून सेटअप पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. डेस्कटॉप आला, एकदा पूर्ण बंद करून पेनड्राइव्हशिवाय चालू करून बघितलं, की मगच काढलेल्या डिस्क परत जोडा. फोटोंची बाहेरची प्रत डीवर फोटो परत आल्यानंतरही पुसू नका.